जिचं कोणी नाही

केशरबाई : पुढं सरक व प्रिया. मधात जागा दिसली का कोणी ना कोणी घुसते.

प्रिया : सरकू कुठं? समोरच्या बाईच्या पाठीवर चढू का? माय, माही गोळी दे.

केशरबाई : देतो मंग.

प्रिया : मंग म्हणजे कवा? काल तेल्हाऱ्याहून निंघालो तवा म्हणाली गाडीत देतो. गाडीत म्हणाली मामाच्या घरी जेवल्यावर देतो. अकोल्याले मामाच्या घरी म्हणाली सकाळी देतो. आता अठी अमरावतीले दुपार होऊन राहिली.

केशरबाई : अव, या चर्चातल्या मातेचं तेल लागेपर्यंत उपास धरा लागते.

प्रिया : उपास जेवणाचा असते माय. गोळीचा नसते.

केशरबाई : पोटात इंग्रजी दवाई असली का तेलाचा गुण लागत नाही. त्या गेटवरच्या बाईनं सांगतलं मले.

प्रिया : अन हा बोर्ड काय म्हणते? थांब, वाचून दाखवतो. ‘डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करू नयेत. येथील प्रार्थना औषधाऐवजी नसून औषधासोबत आहे.’ एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

केशरबाई : ते सरकारच्या भेवानं लिहा लागते.

प्रिया : तू बटव्यात ठेवल्या होत्या. काढ नं एक. पाणी आहे माह्याजवळ.

केशरबाई : बटव्यात नाहीत. मामाच्या घरी राहिल्या वाटते, खिडकीत.

प्रिया : आता तं म्हणाली उपास. आता म्हणते राहिल्या. एक काही तरी सांग.

केशरबाई : डोस्कं नको खाऊ पोरी. एवढ्या लांबून आणलं तुले, जरासक मन लावून हात जोड.

प्रिया : जोडले. पण बाबा असते तं आपल्या दोघींले या लाइनीत उभं राहू दिलं नसतं. बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या माह्याकडून. शाळेच्या पाढ्याच्या आधी.

केशरबाई : तुहा बाप विहारात भाषण करे, अन तुले फिट आली का अंगणात जाऊन बिडी ओढे. तुह्या दाताखाली बोट मी दिलं. हे पाह्य, नख अजून वाकडं हाय. त्याचं काय वाकडं झालं होतं?

प्रिया : मेले आता ते. कायले काढतं.

केशरबाई : तूच काढलं. मी बुद्धाले सोडलं नाही. घरी गेली का पंचशील म्हणीन. पण लेकरू बिमार असलं का माय पाहत नाही दार कोणाचं हाय.

प्रिया : मी नाही कुठं म्हणून राहिली? मले तं अठी बरं वाटून राहिलं, खरं सांगू का. मघा पंगतीत जेवले लोक, कोणी कोणाले आडनाव विचारलं नाही. मूर्तीले पाह्य, आपल्यासारखी साडी नेसवली आहे. अन मघापासून स्पीकरवर फादर तेच म्हणून राहिले, या दारात कोणी परका नाही.

केशरबाई : म्हणतेत.

प्रिया : अन त्या सिंधूताई. अमरावतीच्या, वकिलाची बायको. ते चाकाच्या खुर्चीवर बसले आहेत नं, ते त्यांचे मालक. लकवा मारला. त्यांनी आपली बाटली दिली मले. मी वरून पीत होती तं म्हणाल्या, अगं, तोंड लावून पी, इथं कसला संकोच.

केशरबाई : तुले काय बिमारी हाय हे सांगतलं का त्यायले?

प्रिया : विचारलं नाही त्यांनी.

केशरबाई : मंग ठीक हाय.

प्रिया : असं काहून म्हणते? जाऊ दे. माय, दादा खरंच कॉम्प्युटरचा क्लास लावून देणार आहे का? स्टँडवर सोडलं तवा म्हणाला, तू ये जाऊन, मंग पाहू क्लासचं. माह्या डोक्यावरून हात फिरवला. दादा असं कवा करत नाही.

केशरबाई : म्हणाला तं देईन लावून.

प्रिया : अन माहा मोबाइल दुरुस्तीले ठेवून घेतला. स्क्रीन तं कवाचीच फुटली आहे. त्याले आताच सुचलं.

केशरबाई : भाऊ हाय तुहा. सुचलं असन.

प्रिया : माय.

केशरबाई : काय व?

प्रिया : तोंडात खिळा धरल्यासारखं लागून राहिलं. लोखंडासारखं.

केशरबाई : उन्हानं असन.

प्रिया : उन्हानं नाही. तुले माईत आहे हे काय असते ते. अंगठा पाह्य, आपोआप वळून राहिला. बटवा दे इकडं. मी पाहतो.

केशरबाई : हात नको लावू. सांगतलं नं, नाहीत म्हणून.

प्रिया : मंग मले सावलीत ने. खाली बसव. अठी फरशी आहे, डोस्कं आपटन. माय, त्या सिंधूताईनं मालकाची खुर्ची मागं घेतली पाह्य. माह्या हाताकडं पाहून राहिल्या होत्या. ताई, तुमची बाटली... नको म्हणतेत. तूच ठेव म्हणतेत.

केशरबाई : ठेव मंग.

प्रिया : माय, येऊन राहिली.

केशरबाई : येऊ दे.

प्रिया : काय म्हणाली?

केशरबाई : येऊ दे पोरी. मातेसमोर येऊ दे. सिस्टरसमोर येऊ दे. भेऊ नको, मी धरतो. सिस्टर! कोणी सिस्टरले बलवा हो! पाहा, पाहा या पोरीचं काय होऊन राहिलं! सिस्टरले पाहू द्या!

(मंडपामागची खोली. एक खाट, एक स्टूल. बाहेर स्पीकरवर जपमाळ चालू आहे.)

सिस्टर : कुशीवर वळवा हिला. पाठीवर नाही, बाई, कुशीवर. हं. असं. आता श्वास बरोबर आहे. जीभ चावली आहे, थोडं रक्त येईल. घाबरू नका.

केशरबाई : मी नाही भेत.

सिस्टर : मी सिस्टर ग्रेसी. इथल्या दवाखान्यात नर्स आहे. हिच्या नाकाला चप्पल कुणी लावली?

केशरबाई : लोकायनं. एक माणूस धावत आला. कोणी म्हणे कांदा फोडा, कोणी म्हणे भूत हाय, मातेचं नाव घेऊन निंघून राहिलं. त्यानं पायातली काढली अन दाबली तोंडावर.

सिस्टर : आणि तुम्ही?

केशरबाई : मी काय करू? एकटी होती.

सिस्टर : “लावू नका” एवढं म्हणायला एकटं माणूस पुरतं. श्वास कोंडला असता हिचा. पुन्हा कधी असं झालं तर काही हुंगवायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही, हातपाय दाबायचे नाहीत. ही तुमची कोण?

केशरबाई : माही?

सिस्टर : मुलगी आहे?

केशरबाई : नाही.

सिस्टर : मग?

केशरबाई : शेजारची हाय. तेल्हाऱ्याची. आमच्या गल्लीतली. प्रिया नाव. कोणी नाही बिचारीचं, म्हणून घेऊन आली मी. म्हटलं मातेच्या पायाशी घालतो.

सिस्टर : आईवडील?

केशरबाई : बाप मेला.

सिस्टर : आई?

केशरबाई : ते बी... नाही.

सिस्टर : भाऊ, बहीण?

केशरबाई : भाऊ नाही.

सिस्टर : लग्न?

केशरबाई : कोण करन? एक ठिकाण आलं होतं वलगावचं. पाहाले आले अन चहाच्या वक्ताले फिट आली. कप बी घेतले नाहीत त्यायनं हातात.

सिस्टर : गोळ्या कोणत्या चालू आहेत?

केशरबाई : कोण देईन गोळ्या? कोणी असन तवा देईन नं.

सिस्टर : मग इतकी वर्षं ही जगली कशी? केस धुतलेले आहेत. नखं कापलेली आहेत. कपडे इस्त्रीचे आहेत.

केशरबाई : गल्लीतल्या बाया करतेत. कोणी जेवू घालते, कोणी आंघोळ घालते. पण आता कोणी करत नाही. लोकं भेतेत.

प्रिया : माय... पाणी.

सिस्टर : तुम्हाला “माय” म्हणते ही.

केशरबाई : म्हणते. गावात सारेच माय म्हणतेत मले.

सिस्टर : एवढ्यात पाणी नको. आणखी शुद्ध येऊ दे, नाहीतर ठसका लागेल. बाई, तुम्ही आमच्या घराबद्दल ऐकून आलात का? ज्या बायकांना कुणी नाही त्या राहतात, ते घर.

केशरबाई : आयकलं होतं. संघपाल... आमच्या गावात एक मास्तर हायेत, त्यायनं सांगतलं.

सिस्टर : एकच खाट रिकामी आहे. सोमवारी एक बाई वारली, तिची. तुम्हाला खरं सांगते, इथे रोज कुणीतरी कुणाला तरी घेऊन येतं. मागे एका म्हातारीला एक माणूस घेऊन आला. म्हणाला, बडनेरा स्टेशनवर सापडली. ती महिनाभर दारात बसायची, त्याचं नाव घेऊन. तो मुलगा होता तिचा. त्यानंतर आम्ही आणणाऱ्याला विचारतो आणि जिला आणलं तिलाही विचारतो. जिला घर आहे तिला आम्ही घेत नाही. घेतलं तर जिला नाही तिनं कुठे जायचं?

केशरबाई : बराबर हाय.

सिस्टर : पूर्ण शुद्धीवर आली की मी हिलाच विचारेन. आता ग्लुकोज आणते आणि मदरशी बोलून येते. तुम्ही इथून हलू नका.

केशरबाई : नाही हलत.

(सिस्टर बाहेर जाते.)

केशरबाई : प्रिया. अव प्रिया. डोये उघड. गेली ते. आयकून राहिली का मले?

प्रिया : आयकून राहिली. मघापासून.

केशरबाई : किती आयकलं?

प्रिया : भाऊ नाही, तिथपासून.

केशरबाई : डोस्कं दुखते का?

प्रिया : बटव्यात आहेत नं गोळ्या?

केशरबाई : झोप जरासक.

प्रिया : तुह्या मांडीवर डोकं होतं माहं. पाकीट कानाले टोचून राहिलं होतं. मले वाटलं सपन आहे. काढ. मले पाहू दे.

केशरबाई : पाहून काय करतं? हायेत. हे घे, पाह्य. झालं समाधान?

प्रिया : पुरी पट्टी आहे. एक बी कमी नाही.

केशरबाई : फिट पाह्यल्याबिगर अठी कोणी ठेवून घेत नाही. मागच्या महिन्यात मी येऊन गेली होती एकटी. तुले मामाकडं जातो म्हणून सांगतलं होतं, तवा. गेटवरची बाई म्हणाली, हिंडतीफिरती पोरगी घेऊन आल्या तं सिस्टर म्हणतीन घरी न्या. डोळ्यानं पाह्यलं तं मंग गोष्ट येगळी.

प्रिया : म्हणून दाखवली.

केशरबाई : हो.

प्रिया : जनावराचा बाजार भरते, तसं. दात दाखवतेत, चालवून दाखवतेत.

केशरबाई : बोल. पाहिजे ते बोल. आयकून घेतो.

प्रिया : दिवाळीपासून मले फिट नव्हती माय. दोन टाइम गोळी घेतली का मी तुह्यासारखीच होती. ट्युशनले पोट्टे येत होते. भाकरी टाकत होती, दळण आणत होती. वर्षात एकच आली, दिवाळीत. अन ती काहून आली, सांग. गोळ्या संपल्या होत्या. दादा अकोल्याले रोज जाते शाळेत शिकवाले, सरकारी दवाखाना त्याच्या रस्त्यावर आहे. चार दिवस म्हणत होती, दादा आण, दादा आण. तो रोज विसरला.

केशरबाई : अन त्या एकीत माह्या नातीचं, सम्यकाचं डोस्कं फुटलं.

प्रिया : हो.

केशरबाई : तुह्या कडेवर होतं लेकरू. ओट्यावरून दोघी खाली आल्या. तू लेकरावर पडली.

प्रिया : मले ते आठवत नाही. लोक सांगतेत तेवढंच मले माईत आहे. मी उठली तं अंगणात रक्त होतं. मले वाटलं माहंच आहे. मले बरं वाटलं होतं माय, माहंच असन म्हणून. मंग ज्योत्स्नावैनी ओरडताना आयकू आली.

केशरबाई : ते आजपर्यंत ओरडून राहिली. तुह्यासमोर नाही ओरडत, एवढंच.

प्रिया : माईत आहे मले. रात्री माह्या खोलीले बाहेरून कडी लावते. तुले वाटत असन मी झोपली राहतो.

केशरबाई : ते नाही लावत.

प्रिया : कोण लावते मंग?

केशरबाई : मी लावतो.

प्रिया : तू?

केशरबाई : मी. तू झोपली का येतो अन लावतो. मंग सम्यकाजवळ जाऊन निजतो. तुही झोप लागेपर्यंत थांबतो दारात. एखाद दिस उशीर होते तुले झोपाले, उभ्यानं पाय दुखतेत माहे.

प्रिया : फिट आली असती तं आतल्या आत मेली असती मी.

केशरबाई : तो बी इचार करून पाह्यला.

प्रिया : माय!

केशरबाई : खोटं कायले बोलू आता? मी माय हाय, मले काय काय इचार येतेत ते तुले माईत नाही. मी मेली तं तुले कोण पाहीन? संघपाल? त्याची बायको म्हणते, ही घरात राहीन तं मी पोरीले घेऊन माहेरी जातो. तो ताटावर बसते अन न जेवता उठते. काल स्टँडवर तुह्या डोक्यावर हात फिरवला, अन मले बाजूले घेऊन काय म्हणाला सांगू का?

प्रिया : नको.

केशरबाई : म्हणाला, येताना एकटीच येजो. नाही तं तू बी येऊ नको.

प्रिया : दादा म्हणाला असं?

केशरबाई : रडत म्हणाला. पण म्हणाला.

प्रिया : बुद्धवंदना घेते तो विहारात. करुणेवर बोलते, अर्धा अर्धा घंटा.

केशरबाई : बापासारखाच हाय. बोलणं त्यायचं अन दाताखाली बोट माहं. आता आयक. ते सिस्टर येईन. तुलेच विचारीन. तू फक्त म्हणजो, माहं कोणी नाही. एवढंच.

प्रिया : माह्या तोंडून पाहिजे तुले ते?

केशरबाई : मले नाही पाहिजे. त्यायले पाहिजे.

प्रिया : तुले म्हणताना कसं गेलं? सोपं गेलं?

केशरबाई : सोपं नाही गेलं. पण गेलं.

प्रिया : “माय” म्हणाली तं तू म्हणाली, सारेच म्हणतेत.

केशरबाई : मंग काय म्हणू? तवाच सारं सांगून टाकू? सिस्टर म्हणाली असती, उचला अन न्या. नेली असती मी. उद्यापासून पुन्हा कडी. ज्योत्स्ना गेली असती, नात गेली असती, संघपाल मले पाण्यालेही विचारत नसता. अठी खाट हाय. नर्स हाय. दोन टाइम गोळी देतीन. चप्पल नाही लावणार कोणी. तुले बरं वाटून राहिलं होतं नं अठी? तूच म्हणाली होती.

प्रिया : म्हणाली होती.

केशरबाई : मंग. मी येत जाईन. महिन्या-दोन महिन्यानं.

प्रिया : शेजारीण म्हणून?

केशरबाई : हो. शेजारीण म्हणूनच या लागन.

प्रिया : सम्यकाले काय सांगशीन? ते दारात उभी राहून हाक मारते मले, वैनी आत ओढत नेईपर्यंत.

केशरबाई : सांगीन का आत्या शिकाले गेली.

प्रिया : कुठं?

केशरबाई : अमरावतीले. खोटं बी नाही ते.

प्रिया : अन माही पुस्तकं?

केशरबाई : असू दे. कोण हात लावते? संघपाल खोली रंगवतो म्हणत होता, पण मी सांगीन त्याले, पुस्तकं राहू दे.

प्रिया : रंगवाचं ठरलं बी?

केशरबाई : सम्यकाले अभ्यासाले पाहिजे म्हणे. मोठी होऊन राहिली. ... आली वाटते सिस्टर. प्रिया, माह्याकडं पाह्य. म्हणशीन नं?

सिस्टर : बसता येतंय? छान. भिंतीला टेक. हे हळूहळू पी. नाव सांग तुझं, पूर्ण.

प्रिया : प्रियदर्शनी.

सिस्टर : आज कोणता वार?

प्रिया : शनिवार. अठी मातेचा वार म्हणतेत.

सिस्टर : बरोबर. पूर्ण शुद्धीत आहेस. आता मी काही विचारते. माझ्याकडे बघून सांग, या बाईंकडे बघू नकोस. घरी तुझं कोण कोण आहे?

प्रिया : कोणी नाही.

सिस्टर : भाऊ?

प्रिया : नाही.

सिस्टर : आई?

प्रिया : नाही.

सिस्टर : या बाई?

प्रिया : शेजारच्या आहेत. माही दया आली म्हणून घेऊन आल्या.

केशरबाई : सिस्टर...

सिस्टर : तुम्ही थांबा. गोळ्या घेत होतीस का तू?

प्रिया : घेत होती. सरकारी दवाखान्यातल्या. मधात बंद पडल्या.

सिस्टर : कुणी बंद केल्या?

प्रिया : संपल्या होत्या.

केशरबाई : नाही हो सिस्टर! खोटं बोलून राहिली ते. मी खोटं बोलली, म्हणून ते बी बोलून राहिली. माही पोरगी हाय ही. माह्या पोटची. हे पाहा गोळ्या, माह्याजवळ हायेत. मीच नाही दिल्या. मी माय हाय तिची!

सिस्टर : मला कळलं होतं, बाई. मंडपात तिला झटके येत होते तेव्हा तुम्ही एका हातानं तिचा कुर्ता गुडघ्यावर ओढत होतात. लोकांनी पाय बघू नयेत म्हणून. शेजारीण ते करत नाही.

केशरबाई : माही हाय ते. माही.

सिस्टर : मग घेऊन जा. आज रात्री इथे झोपा दोघी, उद्या सकाळी निघा. यातली एक गोळी आता माझ्यासमोर द्या तिला.

केशरबाई : ...सिस्टर, ठेवून तं घ्याच तिले. फक्त माय हाय म्हणून असू द्या. मी येत जाईन, माय म्हणून येत जाईन. काम करीन तुमच्या अठी. भांडे घाशीन.

सिस्टर : दोन्ही होणार नाही. तुम्ही आई असाल तर तिला घर आहे. घर असेल तर खाट नाही. बाहेर व्हरांड्यात एक बाई बसली आहे, तिला कुणी आणलंही नाही, ती चालत आली. मी तिला काय सांगू?

केशरबाई : माह्या घरी सून हाय, सिस्टर. नात हाय. लेकाचा संसार मोडन.

सिस्टर : मी हो किंवा नाही विचारते आहे. घेऊन जाता मुलीला?

केशरबाई : जरासक थांबा नं.

सिस्टर : थांबते.

केशरबाई : लेकाले फोन करून पाहू का?

सिस्टर : करा.

केशरबाई : ...नाही. तो नाही उचलणार.

प्रिया : सिस्टर, जाऊ द्या. त्यायले कायले त्रास देता? भल्या बाई आहेत. माह्यावर जीव आहे त्यांचा, म्हणून माय आहे म्हणून राहिल्या. अशीच सवय आहे त्यायले, कोणाचंही लेकरू आपलं म्हणाची. माहं कोणी नाही. मी शुद्धीत सांगून राहिली.

केशरबाई : प्रिया, असं नको म्हणू व.

सिस्टर : पोरी, एकदा मी मान्य केलं की हे उद्या फिरवता येणार नाही. तुझी आई उद्या दारात आली तरी मी तिला पाहुणी म्हणूनच आत घेईन.

प्रिया : चालन.

सिस्टर : आणि तू तिला काय म्हणशील?

प्रिया : पाहुणीले म्हणतेत तेच.

केशरबाई : प्रिया, माह्याकडं पाह्य तं. एक वक्त पाह्य. मी नेतो तुले, चाल, ऊठ, मी नेतो...

प्रिया : उठवत नाही आता. जा मावशी तुमी. अकोल्याची गाडी निंघून गेली का मंग तेल्हाऱ्याले जाले काही भेटत नाही.